संचालक मंडळातील स्वतंत्र माणूस

कोणत्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला, म्हणजे पहिल्या काही पानांतच संचालकांची छायाचित्रे दिसतात. गडद रंगाचे कोट, नीटनेटका भांग, ओठांवर बेताचे हसू. त्यांतील काही चेहरे कंपनी प्रत्यक्ष चालविणाऱ्यांचे असतात. उरलेल्यांत कोणी निवृत्त बँक अधिकारी, कोणी प्राध्यापक, कोणी सनदी लेखापाल, तर कोणी माझ्याच पेशातून निवृत्त झालेला एखादा सचिव असतो. त्यांच्या नावाखाली ‘स्वतंत्र संचालक’ असे दोन शब्द छापलेले असतात. ते वाचून न वाचल्यासारखे करावे आणि पान उलटावे, हा आपला रिवाज आहे. आज त्या दोन शब्दांपाशी थोडे थांबावे असे मी योजिले आहे.

श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, आमच्याजवळ शेअर नाहीत, आम्हांला या उठाठेवी कशाला? परंतु आपल्या विम्याचा हप्ता, आपल्या भविष्य निर्वाह निधीचा काही भाग, मुलीच्या लग्नासाठी म्युच्युअल फंडात दरमहा टाकलेली रक्कम, हा सारा पैसा फिरून फिरून अखेर कंपन्यांच्या भागभांडवलातच जातो. इंदूरचा शिक्षक असो की बडोद्याचा कारकून, त्याच्या पुंजीचा एक लहानसा तुकडा अशा एखाद्या संचालक मंडळाच्या मेजावर असतोच. त्या मेजाभोवती त्याच्या वतीने बोलण्यासाठी कायद्याने जो माणूस बसविला आहे, तोच हा स्वतंत्र संचालक होय.

हा माणूस मुळात लागावाच का, याचे उत्तर मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात सापडते. एकोणिसाव्या शतकात गिरणी उभारणारा गृहस्थ बहुधा स्वतः ‘मॅनेजिंग एजंट’ होत असे. भांडवल पुष्कळांचे, कारभार एका पेढीचा. अनेक गिरण्यांत एजंटाचे कमिशन निघालेल्या सुतावर, पौंडामागे पाव आणा, असे ठरलेले असे. गिरणीला नफा होवो की तोटा, सूत निघाले की कमिशन निघालेच! स्वदेशी मिलच्या वेळी जमशेटजी टाटांनी हे मोडून नफ्यावर कमिशन घेण्याची पद्धत स्वीकारली, ही गोष्ट त्या काळी लोकांना नवलाची वाटली, यावरूनच सर्वसाधारण रिवाज काय होता ते कळावे. या पद्धतीत संचालक मंडळ असे, नाही असे नाही. पण ते एजंटाच्या ओसरीवर बसलेल्या पाहुण्यांसारखे. १९५६ च्या कंपनी कायद्याने एजंटांवर बंधने घातली आणि १९७० च्या एप्रिलमध्ये ती पद्धतच बंद झाली. पद्धत गेली; वृत्ती मात्र कायद्याने जात नाही. एजंटाच्या जागी ‘प्रवर्तक’ हा शब्द आला, आणि ओसरी होती तेथेच राहिली.

पुढे १९९२ साली इंग्लंडमध्ये सर एड्रियन कॅडबरी यांच्या समितीने कंपन्यांच्या कारभाराविषयी एक अहवाल दिला. आपल्याकडे कुमार मंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींवरून ‘सेबी’ने २००० साली शेअर बाजाराच्या करारात कलम ४९ घातले, आणि स्वतंत्र संचालक हा नोंदलेल्या कंपन्यांना सक्तीचा झाला. २०१३ च्या कंपनी कायद्याने त्याला कायद्याच्या पुस्तकात जागा दिली. नोंदलेल्या कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र हवेत. ‘सेबी’च्या नियमांप्रमाणे अध्यक्ष हा प्रवर्तक असेल किंवा स्वतः कारभार पाहणारा असेल, तर निम्मे हवेत. प्रवर्तकाशी नाते नको, कंपनीशी पैशाचा मोठा व्यवहार नको, कंपनीचे शेअर सवलतीत मिळविण्याचा हक्क नको. मुदत पाच वर्षांची, फार तर दुसऱ्यांदा पाच. सोवळ्याचे नियम असावेत इतके हे काटेकोर आहेत. आणि सोवळ्याप्रमाणेच, ते पाळणाऱ्याच्या अंतःकरणाविषयी काही सांगत नाहीत.

याचा पुरावा आपल्याला हैदराबादेत मिळाला. तेथील श्रोत्यांना ‘सत्यम कॉम्प्युटर’चे नाव मी सांगायला नकोच. १९८७ साली स्थापन झालेली ही कंपनी दोन दशकांत देशातील अग्रगण्य संगणक कंपन्यांत गणली जाऊ लागली. तिच्या संचालक मंडळावर जी माणसे होती, त्यांची यादी वाचली तर आजही छाती दडपते. अमेरिकेतील एका विख्यात विद्यापीठाचे प्राध्यापक, एका नामांकित व्यवस्थापन संस्थेचे अधिष्ठाता, संगणकाच्या चिपच्या निर्मितीत ज्यांचे नाव जगभर घेतले जाते असे तंत्रज्ञ, दिल्लीच्या आयआयटीचे माजी संचालक आणि भारत सरकारचे एक निवृत्त मंत्रिमंडळ सचिव. २००८ च्या सप्टेंबरात तर कंपनीला उत्तम कारभाराबद्दल ‘गोल्डन पीकॉक’ नावाचे पारितोषिकही मिळाले होते.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला या मंडळापुढे एक ठराव आला. अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाच्या ताब्यात ‘मेटास’ नावाच्या दोन कंपन्या होत्या, एक जमीनजुमल्याची व दुसरी बांधकामाची. ‘सत्यम’ हे नाव इंग्रजी अक्षरांत उलटे लिहिले, की ‘मेटास’ होते. या दोन कंपन्या सत्यमने सुमारे १६० कोटी डॉलर देऊन विकत घ्याव्यात, असा तो ठराव होता. म्हणजे संगणकाचे काम करणाऱ्या कंपनीने आपली सारी गंगाजळी अध्यक्षांच्या मुलांच्या जमिनी घेण्यात घालावी! राजू कुटुंबाचा सत्यममधील स्वतःचा वाटा तेव्हा दहा टक्क्यांहूनही कमी होता. बैठकीत प्रश्न विचारले गेले. संगणकाच्या धंद्यातून जमिनीच्या धंद्यात कशाला, किंमत कशी ठरली, लोक काय म्हणतील, असे ते प्रश्न. आणि प्रश्न विचारून झाल्यावर ठराव एकमताने संमत झाला.

हे ‘एकमताने’ मला विलक्षण वाटते. शंका होत्या, त्या शब्दांतही आल्या, आणि तरी हात वर गेले. आपल्याकडे धार्मिक कृत्यात भटजी संकल्प सांगतात आणि यजमान शेवटी ‘मम’ म्हणतो. संकल्पाचा अर्थ कळलाच पाहिजे असे त्याच्यावर बंधन नसते. संचालक मंडळांत असे मम म्हणणे किती चालते, याची गणती कोणी केलेली नाही.

मंडळाने जे केले नाही, ते बाजाराने काही तासांत केले. न्यूयॉर्कमध्ये सत्यमच्या रोख्यांची किंमत निम्म्याहून अधिक कोसळली आणि कंपनीने रातोरात ठराव मागे घेतला. डिसेंबर संपण्याच्या आत चार संचालकांनी राजीनामे दिले. ७ जानेवारी २००९ रोजी राजू यांचे पत्र आले. कंपनीच्या वह्यांत ३० सप्टेंबर २००८ अखेर ५,३६१ कोटी रुपयांची रोकड व बँकेतील शिल्लक दाखविली होती. त्यांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. मेटासचा व्यवहार हा खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा शेवटचा प्रयत्न होता, असे त्यांनीच लिहिले. २०१५ च्या एप्रिलमध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने त्यांना व इतर काहींना दोषी ठरविले.

संचालकांच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. बँकेची खोटी पत्रे आणि खोट्या पावत्या महिन्यातून-दोन महिन्यांतून एकदा येणाऱ्या माणसाने हुडकून काढाव्यात, ही अपेक्षा फार आहे. ते काम लेखापरीक्षकांचे; आणि त्यांनाही ते साधले नाही. परंतु पाच हजार कोटी रुपये जवळ आहेत म्हणणारी कंपनी ते ठेवते कोठे, त्यांवर व्याज किती येते, आणि एवढी रोकड असता भागधारकांना ती वाटत का नाही, हा प्रश्न विचारायला अमेरिकेतील पदवी लागत नाही. आपल्या घरची कोणतीही गृहिणी तो विचारील.

मग मोठमोठी माणसे तो का विचारीत नाहीत? येथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मला भूषणावह नाही.

काही वर्षांपूर्वी एका सरकारी कंपनीच्या संचालक मंडळावर शासनाचा प्रतिनिधी म्हणून मी बसत होतो. तांत्रिकदृष्ट्या मी स्वतंत्र संचालक नव्हतो. मी मालकाचा माणूस होतो. बैठकीची कागदपत्रे आदल्या दिवशी संध्याकाळी येत, साडेतीनशे-चारशे पाने, दोरीने बांधलेली. काही विषय तर आयत्या वेळी मेजावर ठेवले जात. अशाच एका बैठकीत एका उपकंपनीच्या कर्जाला हमी देण्याचा विषय आला. परतफेडीचे कोष्टक मला समजले नव्हते. मी आजूबाजूस पाहिले. कोणी चहात साखर ढवळीत होता, कोणी घड्याळाकडे पाहत होता. सर्वांना समजले आहे आणि एकट्यालाच समजलेले नाही असे वाटून मी गप्प बसलो. ठराव संमत झाला. दोन वर्षांनी ती हमी कंपनीच्या गळ्यात पडली, आणि ते पैसे बुडीत म्हणून लिहून टाकण्याच्या ठरावाला हात वर करणाऱ्यांतही मी होतो.

‘भीड भिकेची बहीण’ अशी म्हण आपल्याकडे आहे, ती उगाच नव्हे. तोवर माझी अशी समजूत होती, की गप्प बसणारा माणूस एक तर अज्ञानी असतो किंवा मिंधा असतो. त्या दिवशी तिसरा प्रकार कळला. तो निव्वळ एकटा असतो.

पुढे त्या मंडळावर एक वयस्क गृहस्थ स्वतंत्र संचालक म्हणून आले. जन्मभर हिशेब तपासण्यात गेलेला माणूस. पहिल्याच बैठकीच्या आदल्या रात्री नऊच्या सुमारास त्यांचा दूरध्वनी आला. “साहेब, एक विचारायचे होते. पान एकशे बाराचा तक्ता तुम्हांला लागला का? मला तर लागला नाही.” मी म्हटले, “मलाही नाही.” “मग बरे झाले. तिघा-चौघांना विचारले, कोणालाच लागलेला नाही. उद्या मी विषय काढतो. तुम्ही एवढेच म्हणा, की हे पुढच्या बैठकीला स्पष्टीकरणासह आणावे.” दुसऱ्या दिवशी तसेच झाले. आरडाओरड नाही, आरोप नाही. विषय पुढे ढकलला गेला, आणि पुढच्या बैठकीला तो आला तेव्हा त्यातील रकमेचे शून्य एक कमी झाले होते! ते संचालक असेपर्यंत कागदपत्रे सात दिवस आधी येऊ लागली. हाही त्यांचाच आग्रह. ते कोणत्याही पदावर नव्हते. फक्त रात्री नऊ वाजता फोन करण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की हे काम कोणाच्या तरी अंगावर नियमानेच टाकले पाहिजे. दहा स्वतंत्र माणसे एका मेजाभोवती बसविली, म्हणजे स्वतंत्र मंडळ होत नाही. त्यांना एकत्र जमविणारा, त्यांच्या शंका गोळा करणारा आणि अध्यक्षाच्या तोंडावर त्या मांडणारा एक पुढारी लागतो. कॅडबरी समितीच्या ध्यानात हे आले होते. जेथे अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी एकच असेल, तेथे स्वतंत्र संचालकांत एक सर्वमान्य ज्येष्ठ सदस्य असावा, असे तिने १९९२ मध्येच सुचविले होते. पुढे इंग्लंडमध्ये तो जवळजवळ शिरस्ताच झाला. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराने २००३ साली, कारभारी मंडळींना बाहेर ठेवून इतर संचालकांनी नियमाने स्वतंत्र भेटावे आणि त्या बैठकीचे अध्यक्षपद कोणाकडे असते ते लोकांना कळवावे, असा नियम केला.

आपल्या कायद्यात अर्धे काम झाले आहे. स्वतंत्र संचालकांनी वर्षातून किमान एकदा, इतर संचालक व अधिकारी यांच्यावाचून, बैठक घ्यावी. अध्यक्षाच्या कामाचे मूल्यमापन करावे. आणि आपल्याला माहिती पुरेशी व वेळेवर मिळते की नाही हे पाहावे, असे २०१३ च्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आहे. मात्र ही बैठक बोलवायची कोणी, आणि तीत ठरलेले अध्यक्षांना सांगायचे कोणी, याविषयी परिशिष्ट मौन पाळते. ‘अग्रणी स्वतंत्र संचालक’ नेमण्याची शिफारस उदय कोटक समितीने २०१७ साली केली होती. ती सक्तीचा नियम झाली नाही. इन्फोसिससारख्या काही कंपन्यांनी ते पद आपखुशीने निर्माण केले, ही समाधानाची गोष्ट. अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक ही पदे मोठ्या पाचशे कंपन्यांत वेगळी करावीत, त्या दोघांत नातेही नसावे, हा नियम तर झालेला होता. तो २०२० पासून लागू व्हायचा होता, दोन वर्षे पुढे ढकलला गेला, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत ऐच्छिक झाला. ऐच्छिक म्हणजे काय, हे शासकीय परिपत्रके लिहिण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि सरकार स्वतः? तेथेही आपण आपले घर झाकून ठेवू नये. सरकारी कंपनीत स्वतंत्र संचालकाची निवड संबंधित मंत्रालय करते. त्याची सचोटी व पात्रता याविषयी मंत्रालयाचेच मत ग्राह्य. खासगी कंपनीत जे प्रवर्तकाच्या नावे आपण खेदाने सांगतो, तेच येथे मालक बदलून होते.

नेमणाराच काढू शकत असेल, तर स्वातंत्र्य किती, हा प्रश्न मुंबईने २०१६ साली जवळून पाहिला. त्या वर्षी ऑक्टोबरात टाटा सन्सने सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून दूर केले. ताजमहाल हॉटेल जिच्या मालकीचे, त्या इंडियन हॉटेल्स कंपनीच्या स्वतंत्र संचालकांनी नोव्हेंबरात आपली वेगळी बैठक घेऊन मिस्त्री यांच्या कामावर विश्वास व्यक्त केला. मूळ वादात बाजू कोणाची खरी, हा माझा विषय नव्हे. तो न्यायालयांत गेला आणि २०२१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा सन्सच्या बाजूने निकाल दिला. माझे लक्ष दुसरीकडे गेले. याच वादात नसली वाडिया हे टाटांच्या तीन कंपन्यांचे स्वतंत्र संचालक होते. डिसेंबर २०१६ मध्ये भागधारकांच्या सभांत त्यांना साध्या बहुमताने दूर करण्यात आले, आणि त्या मतदानात प्रवर्तकाची मतेही होती. तसे करणे कायद्याला धरूनच होते. म्हणूनच तर कायद्याकडे पाहणे प्राप्त झाले. २०२२ पासून नोंदलेल्या कंपनीत स्वतंत्र संचालक नेमण्यासाठी ‘सेबी’ने विशेष ठरावाची, म्हणजे तीन चतुर्थांश मतांची, अट घातली आहे. शिवाय मुदतीपूर्वी राजीनामा देणाऱ्याने आपली कारणे सविस्तर जाहीर करावीत, आणि याहून वेगळे महत्त्वाचे कारण नाही असेही लिहून द्यावे, असा नियम २०१९ पासून आहे. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ हे आपल्या कारभारातील सर्वांत सोयीचे वाक्य त्यामुळे थोडे महाग झाले.

राजीनाम्याचा विषय निघाला, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्रीबोवांनी रघुनाथरावांना तोंडावर दोषी ठरविले आणि पुणे सोडले. ही कथा आपण मुलांना सांगतो, आणि सांगावीही. पण तिचा पुढचा भाग आपण गाळतो. शास्त्रीबोवा गेल्यावर पुण्यात जे उरले, त्यांतील नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी एकत्र येऊन रघुनाथरावांना गादीवरून दूर केले, नारायणरावांच्या तान्ह्या मुलाच्या नावाने राज्य चालविले, आणि पुढे रामशास्त्र्यांना सन्मानाने परतही आणले. त्या मंडळींना आपण ‘बारभाई’ म्हणतो. भाषेची गंमत पाहा! गेलेल्या एकट्या माणसाचे नाव आपण आदराने घेतो, आणि राहून निभावलेल्यांच्या नावाची म्हण करून ‘बारभाईंचा कारभार’ म्हणजे गोंधळ असा अर्थ तिला चिकटवितो.

सत्यमच्या गोष्टीतही बारभाई होते, हे आता सांगितले म्हणजे माझा मुद्दा पुरा होईल. चार संचालक गेले, अध्यक्ष पोलिसांच्या ताब्यात गेले, आणि सुमारे पन्नास हजार माणसांच्या पुढच्या महिन्याच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. केंद्र सरकारने जुने मंडळ बरखास्त केले आणि ११ जानेवारी २००९ रोजी किरण कर्णिक, दीपक पारेख व सी. अच्युतन या तिघांना नेमले. चार दिवसांनी आणखी तिघे आले. यांतील कोणाचाही कंपनीत वाटा नव्हता. ज्या वह्यांवर विश्वास ठेवता येत नव्हता त्या वह्या घेऊन ते बसले, नवे हिशेबनीस नेमले, बँकांकडून पैसे मिळविले, परदेशातील ग्राहकांना थोपवून धरले, पगार भागविले, आणि उघड्या बोलीने १३ एप्रिलला कंपनी पुण्याच्या टेक महिंद्राकडे सोपविण्याचे ठरविले. जेमतेम तीन महिने. पहिल्या मंडळातील माणसे यांच्यापेक्षा विद्वत्तेने कमी होती असे कोणी म्हणणार नाही.

माझ्या त्या वयस्क स्नेह्यांची मुदत संपली तेव्हा निरोपाचा छोटा समारंभ झाला, शाल-श्रीफळ झाले. बाहेर पडताना त्यांनी मला बाजूला घेतले आणि पुढच्या बैठकीचे कागद अजून आले नाहीत, तेव्हा सचिवांना सोमवारी आठवण करावी, असे सांगितले. सोमवारी मी फोन केला. मग रात्री नऊच्या सुमारास मंडळावरच्या इतर दोघा-तिघांनाही केला.